डॉक्टरांना न सांगितलेली मांजरं

छातीच्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुत्रं, मांजर, कोंबड्या असं काही आहे का?" मी म्हणाले, "नाही."

इतक्या पटकन म्हणाले की शेजारच्या खुर्चीत बसलेल्या आमच्या मिस्टरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आता हे काहीतरी बोलणार, म्हणून मी पदराचं टोक मुठीत आवळून बसले. पण हे भिंतीवरच्या फुप्फुसांच्या चित्राकडे बघत राहिले. ते डॉक्टर नाशिकहून पंधरवड्यातून एकदा जव्हारला यायचे, बाहेर बाकांवर माणसं खोळंबलेली होती. त्यांनी कागदावर कसलीशी खूण केली, तोंडाने ओढायचा पंप लिहून दिला, ओल आणि धूर टाळा म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मोखाड्याला परतताना एसटीत आम्ही एकाच बाकावर होतो. मग खिडकीबाहेर बघत हे म्हणाले, "बरं केलंस."

मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. यांनी घरी गेल्यावर मला फैलावर घेतलं असतं, तर आम्ही परत जाऊन खरं सांगितलं असतं. आता सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

घरी दोन मांजरं होती.

मी सूर्यमाळच्या खालच्या अंगाला एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. हे मोखाड्याला पंचायत समितीत क्लार्क आहेत. शाळेत खिचडीच्या तांदळाला उंदीर लागले, तेव्हा पाड्यावरची एक मांजरी आपणहून शाळेत राहायला आली आणि जुनी हजेरीपत्रकं ठेवतो त्या कपाटात, खालच्या कप्प्यात व्याली. त्या वर्षी उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधीच पाड्यावरची विहीर आटली. बायका टँकरची वाट बघत हंडे घेऊन रस्त्यावर बसायच्या. शेवटच्या दिवशी मी कुलूप लावायला गेले, तर ती मांजरी आडव्या पडलेल्या पिंपात शिरून तळाची ओल चाटत होती. तीन पिल्लांतलं एकच जगलं होतं. माणसांनाच पाणी नव्हतं, मांजराला वाटीभर कोण ठेवणार? मी त्या दोघींना खडूच्या मोठ्या खोक्यात घातलं, वरून टॉवेल बांधला आणि जीपमध्ये मांडीवर घेऊन बसले.

"दोन दिवस," हे म्हणाले.

"शाळा उघडेपर्यंत," मी म्हणाले.

शाळा उघडली, पण त्या घरीच राहिल्या. नाव ठेवलं की माया लागते, म्हणून आम्ही नावं ठेवली नाहीत. आईला थोरली म्हणायचो, लेकीला धाकटी. माया लागायची ती लागलीच.

त्याला कारणही होतं. आमची मुलगी नर्सिंग शिकायला नाशिकला गेल्यापासून घरातलं बोलणं कमी कमी होत गेलं होतं. भांडण असं काही नव्हतं. भाजी कोणती करू, दाराला कडी घातली का, एवढ्यावर दिवस सरायचा. धाकटी आली आणि हे तिच्याशी बोलायला लागले. "सांग गं तुझ्या बाईंना, आमटीत मीठ नाही." मी तव्यावरची भाकरी उलटत म्हणायची, "सांग तुझ्या साहेबांना, मीठ समोरच ठेवलंय." असं करत करत आम्ही एकमेकांशीही बोलायला लागलो. स्वतःसाठी रुमाल घ्यायचा कंटाळा करणारा माणूस बाजाराच्या दिवशी सुकट निवडून घेऊ लागला. संध्याकाळी हे फाइल उघडून बसले की धाकटी बरोबर त्या फाइलवर बसायची, आणि हे तिला न उठवता कागद खालून ओढून काढायचे.

यांना लहानपणी दमा होता. सासूबाई सांगायच्या, पावसाळाभर पोराला भिंतीशी टेकवून बसवून झोपवावं लागायचं. मिसरूड फुटायच्या सुमारास तो गेला. लग्नानंतर मी तो कधी पाहिलाच नव्हता, त्यामुळे सासूबाईंच्या इतर गोष्टींसारखीच ती एक गोष्ट समजून विसरून गेले होते.

मांजरं आली त्याच वर्षी पावसाळ्यात यांना शिंका सुरू झाल्या. सकाळी उठले की आठ-दहा शिंका, डोळे लाल, नाकातून पाणी. मग जिना चढताना धाप. मग छातीतून बारीक शिट्टी.

मी आधी भिंतींना धरलं. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींवर बुरशी चढते, वाळत घातलेले कपडे चार-चार दिवस ओले राहतात. मी भिंती खरवडल्या, चुना मारून घेतला. शिट्टी थांबली नाही. मग म्हटलं, ऑफिसातल्या जुन्या दप्तरांची धूळ असेल. पाऊस ओसरल्यावर गवताला फुलोरा आला, तो असेल. भाताची झोडणी सुरू झाली, त्याची उडणारी कुसळं असतील. उन्हाळ्यात शेतकऱ्यांनी भाताच्या रोपांच्या जागेवर राब भाजायला घेतले, सगळ्या डोंगरांवर पानपाचोळ्याचा धूर पसरला, तेव्हा तर मी शेजारणीला छातीठोकपणे सांगितलं की यांना राबाचाच त्रास आहे. दरवेळी नवं कारण सापडलं की मला चार दिवस बरं वाटायचं. आणि हे सगळं मी सांगत असताना धाकटी यांच्या छातीवर पोट टेकून झोपलेली असायची.

मला कळत नव्हतं असं नाही. एकदा हे चार दिवस मुलीकडे नाशिकला राहून आले, तेव्हा बसमधून उतरताना यांचा आवाज मोकळा होता. घरात पाऊल टाकल्यावर तासाभरात पहिली शिंक आली. मी त्या वेळी ताटं वाढत होते. मी यांच्याकडे पाहिलं, यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि हे म्हणाले, "प्रवासात वारा लागला."

त्यानंतरच आम्ही जव्हारला त्या डॉक्टरांकडे गेलो, आणि मी "नाही" म्हणाले.

पंपाने महिनाभर बरं वाटलं. पण माझ्या मनात जी धास्ती बसली ती बसलीच. शाळेत मुलं पाढे म्हणत असली तरी माझे कान घरी असायचे. पाड्यावर मोबाइलला रेंज नाही, शाळेच्या मागे चढावर एक मोठा खडक आहे तिथे येते. मधल्या सुट्टीत मी रोज त्या खडकावर जाऊन यांना फोन करायची. तब्येत विचारली की हे चिडायचे, म्हणून विचारायची, "जेवलात का? काय भाजी होती?" उत्तराकडे माझं लक्षच नसायचं. ते वाक्य एका श्वासात येतं की दोन, की तीन, तेवढंच मी ऐकायची. एका श्वासात आलं की मी जेवायची. तीन श्वास लागले की डबा तसाच घरी न्यायची आणि रात्री भाकरी गाईला घालायची.

एक दिवस यांच्या बॅगेत डबा ठेवताना मला आत दुसरा पंप सापडला. घरातल्यासारखाच, निम्मा संपलेला. म्हणजे हे माझ्यादेखत दोनदा ओढायचे आणि ऑफिसात किती वेळा, ते मला माहीत नव्हतं. मी तो पंप होता तसा परत ठेवला. विचारलं असतं तर पुढचं सगळंच बोलावं लागलं असतं.

त्या हिवाळ्यात नात्यातल्या एका मुलीच्या साखरपुड्यासाठी आम्ही सकाळी जव्हारला निघालो. थंडी बरीच होती. यांनी फडताळातून लोकरीचा स्वेटर काढून अंगात घातला. मी घाईत होते, बघितलंच नाही. त्या स्वेटरवर धाकटी कित्येक दिवस झोपत होती.

जीप भरलेली होती. मागे समोरासमोरच्या बाकांवर आम्ही दाटीवाटीने बसलो होतो, गुडघ्याला गुडघे लागलेले. मोखाड्याबाहेर पडून वळणं सुरू झाली तसे हे खोकायला लागले. पंप काढला, हलवला, ओढला. पाच मिनिटांनी परत ओढला. मग परत. चौथ्या वेळी त्यातून नुसती हवा आली. यांनी तो कानाशी हलवून पाहिला आणि मुकाट्याने खिशात ठेवला.

"दुसरा बॅगेत आहे ना?" मी विचारलं. तो मला माहीत आहे हे लपवायचं भानच राहिलं नाही.

यांनी मान हलवली. बॅग घरी होती.

त्यानंतरचा अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही. यांचे खांदे कानांपर्यंत वर चढत होते. गळ्याखाली दर श्वासाला खळगा पडत होता. पुढे झुकून दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसले होते. "ताडपत्री... वर," एवढंच म्हणाले, तेही दोन तुकड्यांत. समोरच्या माणसाने मागची ताडपत्री वर केली. सकाळचं ऊन आत आलं, थेट यांच्या छातीवर पडलं, आणि मला दिसलं. निळ्या स्वेटरवर तांबूस केसच केस. उन्हात ते लोकरीवर उभे राहिलेले दिसत होते.

मी ओरडले, "स्वेटर काढा. आधी तो स्वेटर काढा."

यांना हात वर करता येईनात. मी आणि समोरच्या माणसाने मिळून तो डोक्यावरून ओढून काढला आणि मी तो चालत्या जीपमधून मागे रस्त्यावर फेकून दिला. मग माझ्या अंगावरची शाल यांना पांघरायला काढली आणि हात थबकला. शालीवरही तेच केस होते. साडीवरही असणार. मी यांना धरून बसले होते, ते धरणंसुद्धा बरोबर आहे की नाही, मला कळेना. मी सरकून बाजूला झाले. समोरच्या माणसाने खांद्यावरचा टॉवेल काढून यांच्या गळ्याशी गुंडाळला आणि माझ्या जागी येऊन यांना पाठीमागून आधार दिला. मी त्याच्या जागेवर बसून बघत राहिले.

ड्रायव्हरने वाटेत हात करणाऱ्या कोणासाठीही गाडी थांबवली नाही. जीपमधल्या एकानेही, माझं उतरायचं ठिकाण गेलं, असं म्हटलं नाही. जव्हारमध्ये शिरल्यावर ड्रायव्हरने स्टँडला न जाता गाडी सरळ सरकारी दवाखान्याच्या दारात नेली. यांचे ओठ तोवर जांभळट दिसायला लागले होते.

वाफेचं मशीन लावलं, इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. मी भिंतीला टेकून उभी होते. तासाभराने खांदे थोडे खाली आले. मुलीहून थोड्याच मोठ्या एक डॉक्टरीणबाई कागद घेऊन जवळ आल्या. मी स्वेटरचं सांगायच्या आधी त्यांनी माझ्या शालीकडेच पाहिलं.

"घरी मांजर आहे?"

"हो," मी म्हणाले. "दोन."

मास्क लावून पडलेल्या यांनी हात वर केला आणि तीन बोटं दाखवली.

मला वाटलं, यांना भ्रम झाला. "अहो, दोन," मी म्हणाले. यांनी मान हलवली, परत तीन बोटं. मग मास्क थोडा बाजूला करून म्हणाले, "एक ऑफिसात. रेकॉर्ड रूममध्ये. एका डोळ्याचा बोका आहे."

वर्षभर हे आपल्या डब्यातलं त्याला घालत होते. मला कधीच बोलले नव्हते. मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही आलं, आणि ते थांबेना. डॉक्टरीणबाईंनी मला स्टुलावर बसवलं.

"आधीच्या डॉक्टरांना हे सांगितलं होतं?"

"नाही."

"का?"

काय सांगणार होते? मुलगी गेल्यावर आमचं घर मुकं झालं होतं, हे दवाखान्यात कसं सांगायचं? त्या रागावल्या, पण आवाज चढवला नाही. म्हणाल्या, मांजराच्या नुसत्या केसांनी होत नाही, त्याच्या थुंकीने आणि कातडीच्या कोंड्याने होतं, आणि तो कोंडा भिंतींना, गाद्यांना, कपड्यांना महिनोन्‌महिने चिकटून राहतो. "काही लोकांचं औषधं घेऊन, झोपायची खोली बंद ठेवून भागतं. यांचं आज जे झालंय ते बघता मी तो धोका घ्यायला सांगणार नाही. आणि पुन्हा कुठल्याही डॉक्टरशी खोटं बोलू नका. आम्ही ऐकलेल्यावरच औषध देतो."

मुलगी संध्याकाळपर्यंत नाशिकहून आली. तिने बाबांची पोट-छाती बघितली, चार्ट वाचला आणि मला बाहेर बोलावून म्हणाली, "आई, तू शिक्षिका आहेस." बाकी काही बोलली नाही. त्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मांजरं नेऊन देण्याचं काम मलाच करायचं होतं. शाळेच्या खालच्या अंगाला एक म्हातारी एकटीच राहते. तिच्या नागलीच्या कणगीला उंदरांनी भोकं पाडली होती. मी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "दे की. माजर घरात हवाच. पन परत मांगायचा नाय बाई." मी म्हटलं, नाही मागणार.

हे त्या दिवशी घराबाहेर रस्त्यापलीकडे उभे होते, तोंडाला रुमाल बांधून. मी खोकं घेऊन निघाले तशी थोरली आतून ओरडायला लागली. यांनी हात वर केला, आणि मग तो तसाच डोक्यावरून फिरवून केस सारखे केले.

नंतरच्या दिवसांसारखे वाईट दिवस मी कधी काढले नाहीत. मला वाटलं होतं, मांजरं गेली की आठवड्यात फरक पडेल. पडला नाही. गाद्या उन्हात घातल्या, पडदे उकळले, सोफ्याचं कापड फाडून नवं बसवलं, भिंती ओल्या फडक्याने पुसल्या. तरी शिट्टी वाजतच होती. डॉक्टरीणबाईंनी फुंकून बघायची एक प्लास्टिकची नळी दिली होती, श्वास जितका मोकळा तितका तिच्यावरचा आकडा मोठा. हे रोज सकाळी तिच्यात फुंकायचे आणि आकडा कॅलेंडरवर लिहायचे. मी चहा गाळता गाळता त्या फुंकरीचा आवाज ऐकायची आणि आकडा बघायची हिंमत होईपर्यंत चहा थंड व्हायचा. तीन आठवडे आकडा हलला नाही. मग माझ्या मनात असं यायला लागलं, की कारण मांजरं नव्हतीच. आपण त्यांना उगाच घालवलं, आणि यांना झालंय ते दुसरंच काही आहे, मोठं, ज्याचं नाव अजून कोणी घेतलेलं नाही. हे मी कोणाला बोलले नाही. यांच्या मनातही तेच चाललं होतं, हे मला फार नंतर यांच्याकडून कळलं.

शिवाय मांजरं मला रोज दिसत होती. म्हातारीचं घर शाळेच्या वाटेवरच आहे. थोरलीने मला ओळख दाखवायचं सोडून दिलं, पण धाकटी वर्गात यायची आणि मुलांच्या ओळींमधून चालत माझ्या खुर्चीखाली बसायची. मी एक साडी शाळेत ठेवली. सकाळी पोचले की ती नेसायची, सुटताना बदलायची, हात कोपरापर्यंत साबणाने धुवायची. घरी आल्यावर सरळ मोरीत. आंघोळ झाल्याशिवाय यांच्या खोलीत पाऊल टाकायची नाही. एवढं करून केसांत अडकून काही आलं असेल का, ही भीती असायचीच.

हे दारातूनच विचारायचे, "भेटल्या?"

"भेटल्या."

"थोरली?"

"उंदीर धरला आज. म्हातारी खूश आहे."

चौथ्या आठवड्यात आकडा थोडा वर सरकला. एक दिवस खाली आला, परत वर गेला. सहाव्या-सातव्या आठवड्यात एका सकाळी हे जिना चढून वर आले आणि दारात उभे राहून न थांबता बोलायला लागले, ऑफिसातल्या कुठल्याशा बिलाबद्दल. मी मध्ये बोलले नाही. वाक्य लांबच लांब होतं आणि ते संपेपर्यंत यांनी मध्ये श्वास घेतला नाही. मी भाजी ढवळत राहिले, कारण वळून पाहिलं असतं तर मी रडले असते आणि हे घाबरले असते.

प्रजासत्ताक दिन येऊन गेला होता, त्यानंतरच्या एका रविवारी शाळेच्या छपराचे पत्रे बघायला माणूस येणार होता. हे म्हणाले, मीही येतो. मी तीनदा नको म्हटलं. शेवटी नव्या, कधी न घातलेल्या शर्टात, दोन भरलेले पंप दोन खिशांत घेऊन हे आले. म्हातारी अंगणात नागली पाखडत होती. हे कुंपणाच्या बाहेर, वारा जिकडून येत होता त्या बाजूला उभे राहिले. धाकटी कणगीवरून उतरली, कुंपणाखालून बाहेर आली आणि यांच्या पायांशी येऊन बसली. यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलं.

म्हातारीने सूप खाली ठेवलं. "साहेब, हात लाव ना. काय चावत नाय ती."

"मला श्वासाचा त्रास आहे, आजी."

तिने यांच्याकडे नीट पाहिलं. मग पुढे येऊन धाकटीला उचललं, चार पावलं मागे जाऊन उन्हात उभी राहिली आणि तिला दोन्ही हातांवर वर धरून म्हणाली, "तर मी धरते. तू बघून घे."

हे बघत राहिले. धाकटी आता चांगली जाड झाली होती, कानावर कुठेतरी भांडून ओरखडा आणला होता. "पोटात पिल्लं आहेत हिच्या," हे म्हणाले. म्हातारी म्हणाली, "हायत तर. चार तरी होतील." मी मात्र यांच्या गळ्याखालच्या खळग्याकडे बघत होते.

त्यानंतर तीन दिवस मी कॅलेंडरवरचा आकडा श्वास रोखून पाहिला. तो खाली आला नाही.

आता याला दोन वर्षं झाली. यांचा पंप रोज सकाळ-संध्याकाळ चालतो, तो बहुतेक कायमचाच. ऑफिसातल्या बोक्याला शिपाई खायला घालतो आणि हे रेकॉर्ड रूममध्ये जात नाहीत, फाइल बाहेर मागवतात. भिंतींना पहिली बुरशी दिसली की मी अजूनही लगेच खरवडायला घेते. मधल्या सुट्टीत मी अजून खडकावर जाते. परवा मी "जेवलात का" विचारलं, तर हे म्हणाले, "एका श्वासात सांगू की दोन?" यांना ते पहिल्यापासून माहीत होतं. मी म्हटलं, "एका." मग यांनी डब्यातली भेंडी, भाकरी, चटणी, सगळं एका दमात सांगितलं, आणि शेवटी जरासा खोकला आला. त्या खोकल्याचं काय, हे विचारायला मी परत फोन लावत होते, पण रेंज गेली होती.